अर्थशास्त्र विभाग निवडताना प्रश्नावली मागा

पीएचडीला अर्थशास्त्राचा कुठला विभाग चांगला, हे ठरवताना विद्यार्थी संकेतस्थळावरची 'संशोधनाची क्षेत्रं' वाचतात. कृषी, श्रम, विकास, सार्वजनिक वित्त... ही यादी जवळपास सगळीकडे सारखीच असते. माझं ठाम मत असं की त्याऐवजी विभागाने केलेल्या शेवटच्या क्षेत्रपाहणीची प्रश्नावली मागावी.

पुण्याच्या गोखले संस्थेचा दबदबा अशाच कामातून उभा राहिला. 1930 साली संस्था सुरू झाली आणि धनंजयराव गाडगीळांच्या काळात पुण्यातला फळांचा व्यापार, वाई तालुक्यातला शेतीचा जमाखर्च अशा पाहण्या झाल्या. पुढे 1971 मध्ये संस्थेतल्याच वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ या अर्थतज्ज्ञांनी दारिद्र्याचा अभ्यास मांडला: रोजचे 2250 उष्मांक मिळायला 1960-61 च्या किमतींनुसार खेड्यात माणशी महिना 15 रुपये लागतात. तो राष्ट्रीय नमुना पाहणीच्या आकड्यांवर होता. पण आकडा कुठे फसवतो हे ओळखण्याची नजर गावोगावच्या कामातून येते, असं मला वाटतं.

प्रश्नावलीत काय बघायचं? 'वार्षिक उत्पन्न किती?' असा एकच प्रश्न असेल तर ती बाजूला ठेवा. शेतकऱ्याला तो आकडा एकदम सांगता येत नाही. पीकवार विचारावं लागतं: किती गुंठे, किती क्विंटल, किती विकलं, किती घरी ठेवलं, बियाणं, खत, मजुरी. घरच्या माणसांचे श्रम वेगळे नोंदवले नसतील, तर ए-टू (प्रत्यक्ष खिशातून झालेला खर्च) आणि ए-टू अधिक एफएल (त्यात घरच्या श्रमांचं मोल धरून) हे दोन खर्च नंतर वेगळे काढताच येत नाहीत. जमिनीचंही तसंच. सातबाऱ्यावर वडिलांचं नाव असतं, वाटणी तोंडी झालेली असते आणि कसणारा तिसराच. मालकीची जमीन आणि कसलेली जमीन असे दोन रकाने हवेतच.

मग विचारा, घरांची यादी कुठून घेतली? मतदारयादीवरून काढलेल्या नमुन्यात एका घराची चार नावं असतात, तर शेतातल्या वस्त्या सहज सुटतात. आणि पाहणी कोणत्या महिन्यात झाली? बीडमधल्या गावात डिसेंबरमध्ये गेलात तर ऊसतोडीची कुटुंबं कारखान्यांच्या परिसरात असतात. कुलूप दिसलं की शेजारचं घर घ्यायचं, असं केलं तर सगळ्यात गरीब घरंच नमुन्यातून गळतात. हा दोष नंतर कुठल्याही सूत्राने भरून निघत नाही.

नमुन्याच्या आकाराने भारावून जाऊ नका. 10 गावांतली प्रत्येकी 30 म्हणजे 300 घरं. एकाच गावातली घरं एकमेकांसारखी असतात. त्यांचा अंतर्गत सहसंबंध, म्हणजे या सारखेपणाचं माप, 0.1 धरला तरी अंदाजाचं प्रसरण (त्यातली अनिश्चितता) सुटी घरं निवडली असती त्याच्या 1 + 29 × 0.1, म्हणजे 3.9 पट होतं. म्हणजे हातात साधारण 77 सुट्या घरांइतकीच माहिती उरते. गावं वाढवून 30 केली आणि प्रत्येकी 10 घरं घेतली, तर तोच आकडा 158 वर जातो. प्रवासखर्च वाढतो, हे खरं. पण तो खर्च मंजूर करून घेणारा मार्गदर्शक मला पन्नास शोधनिबंधवाल्यापेक्षा जवळचा वाटतो.

शेवटी एक चौकशी जरूर करा: मागच्या पाहणीचा कच्चा विदा (डेटा) आणि त्यातल्या आकडी संकेतांचे अर्थ सांगणारी यादी विभागात कोणाकडे आहे? उत्तर 'ते सर निवृत्त झाले' असं आलं, तर दुसऱ्या विभागाचा अर्जही भरून ठेवा.