आठची जेट स्की टूर आणि सव्वासातची हजेरी: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ताई,

तुमची तक्रार थोडक्यात अशी आहे. मुक्काम दक्षिण गोव्यात कोलव्याला आणि मार्गदर्शकासोबतची जेट स्की टूर उत्तर गोव्यातल्या नेरूलच्या कोको बीचवरून सकाळी आठला. आदल्या रात्री मॅपवर एक तास दहा मिनिटं दिसली, म्हणून पावणेसातला निघालात. आठ वाजून पाच मिनिटांनी काउंटरवर पोचलात तेव्हा टूर निघून गेली होती आणि पैसेही परत मिळाले नाहीत. ‘पंचेचाळीस मिनिटं आधी पोचा’ हा आमचा सल्ला टूरवाल्यांच्या सोयीचा आहे, सुट्टीवर आलेल्या माणसाला गाडी पकडायला धावल्यासारखं कशाला पळवायचं, असं तुम्ही विचारलंत.

सल्ला आम्ही बदलणार नाही. मात्र त्यामागची कारणं तुम्हाला सविस्तर मिळायला हवीत, कारण ती टूरवाल्यांच्या सोयीपेक्षा तुमच्या जिवाशी जास्त निगडित आहेत.

पावतीवरचे ‘आठ’ म्हणजे जेट स्की पाण्यात सुटायची वेळ. त्याआधी फॉर्म भरणं, ओळखपत्र दाखवणं आणि उरलेली रक्कम देणं यात दहा मिनिटं जातात. कपडे बदलणं, सामान ठेवणं आणि मापाचं लाइफ जॅकेट शोधणं यात आणखी दहा-पंधरा. जॅकेटचे पट्टे आवळल्यावर कोणीतरी ते खांद्यापाशी धरून वर ओढून बघायला हवं. ते हनुवटीपर्यंत सरकलं तर माप मोठं आहे, दुसरं मागा. मग पंधरा-वीस मिनिटांची माहिती. तुम्ही आठ-पाचला पोचलात, म्हणजे पाच मिनिटं नव्हे, पन्नास मिनिटं उशिरा पोचलात.

ती माहिती वगळून मागून रांगेत सोडायला काय हरकत होती, असंही तुम्ही म्हटलंय. हरकत मोठी आहे. किनाऱ्यासमोरच्या छोट्या फेरीत चालवणारा माणूस तुमच्या मागे बसलेला असतो आणि हँडल प्रत्यक्षात त्याच्या ताब्यात असतं. मार्गदर्शकासोबतच्या टूरमध्ये स्की तुम्ही स्वतः चालवता आणि मार्गदर्शक पुढे असतो. जेट स्कीला सुकाणू नसतं. मागच्या नळीतून जोरात फेकलेलं पाणी ज्या दिशेला वळवू, तशी ती वळते. थ्रॉटल, म्हणजे हँडलवरची वेग वाढवायची कळ, सोडला की तो झोत थांबतो आणि हँडल कितीही फिरवलं तरी स्की सरळच जात राहते. घाबरलेला नवशिका नेमकं हेच करतो: समोर होडी दिसली की थ्रॉटल सोडतो आणि हँडल वळवतो. काही नव्या मॉडेलना ब्रेक असतो, पण भाड्याने मिळणाऱ्या बऱ्याच स्कींना तो नसतो. ‘वळायचं असेल तर थोडा थ्रॉटल हवाच’ हे काठावर, इंजिन बंद असताना, हाताने करून दाखवावं लागतं. पाण्यात इंजिनांच्या आवाजात ओरडून सांगितलेलं काही ऐकू येत नाही.

तीच गोष्ट मनगटाला किंवा जॅकेटला अडकवायच्या लाल दोरीची. तुम्ही पडलात की ती निघते आणि इंजिन बंद होतं. स्की उलटली तर मागच्या बाजूला लावलेल्या चित्रात बाण असतो, त्याच दिशेने ती सरळ करायची. उलट्या बाजूने फिरवली तर इंजिनात पाणी जाऊ शकतं. वर चढायचं ते मागूनच, आणि तेव्हा इंजिन बंद हवं. थांबा, हळू, माझ्या मागे या, कोणी पडलंय, या चार गोष्टींच्या हातांच्या खुणाही तेव्हाच शिकवतात. ज्याला हे माहीत नाही असा एक माणूस रांगेत आला तर धोका त्याच्या पुढच्या-मागच्या सगळ्यांना. म्हणून उशीर झाल्यावर कोणी ‘चला, बसा, वाटेत सांगतो’ म्हणालं, तर अशा माणसाबरोबर जाऊ नका.

आता ‘पाच मिनिटं थांबले असते तर काय बिघडलं असतं’ याबद्दल. नेरूल नदी मांडवीच्या मुखाशी येऊन मिळते आणि त्या भागात वाळूचे उथळ पट्टे आहेत. जेट स्की तळाच्या जाळीतून पाणी आत ओढते. पाणी साधारण तीन फुटांपेक्षा कमी असलं की त्याबरोबर वाळू आणि शिंपले आत जातात, पाणी मागे फेकणारा आतला पंखा (इंपेलर) झिजतो, कधी अडकूनच बसतो. गोव्यात दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते, आणि त्यांची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. त्यामुळे सोमवारी सकाळी आठला मिळणारं पाणी गुरुवारी आठला मिळत नाही. तीन दिवसांत अडीच तासांचा फरक पडतो. ओहोटी लागलेली असताना निघायला अर्धा तास उशीर झाला तर परतीची वाट उथळ होते. शिवाय वारा. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात सकाळी पाणी शांत असतं, अकरा-बाराच्या सुमारास समुद्रावरून वारा सुरू होतो आणि दुपारी लाटा चांगल्याच आपटतात. सकाळची पहिली टूर लांबली की नंतरच्या सगळ्या टूर त्या वाऱ्यात ढकलल्या जातात.

रस्त्याचं गणित मात्र तुमच्याच हातात होतं. रात्री अकराला मॅप बघितला तर तो रात्री अकराचा रस्ता दाखवतो. मॅपमध्ये ‘या वेळेला पोचायचंय’ असा पर्याय असतो, त्यात तारीख आणि सकाळचे सात घालून बघायला हवं होतं. कोलवा ते कोको बीच हे अंतर पन्नास किलोमीटरच्या आसपास आहे. मडगाव, वेर्णा, कुठ्ठाळी, जुवारीचा पूल, आगशी, बांबोळी, मेरशी अशी वाट. सातनंतर वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीची, शाळांची आणि पणजीला कामावर जाणाऱ्यांची गर्दी एकाच रस्त्यावर उतरते. सहाच्या आत निघणाऱ्याला ती लागत नाही.

मेरशीला एक निर्णय घ्यावा लागतो आणि बरेच पाहुणे तिथे चुकतात. मॅप अटल सेतूवर, म्हणजे मांडवीवरच्या नव्या पुलावर, चढवतो आणि गाडी थेट पर्वरीच्या बाजूला उतरते. नेरूलला जायचं तर ते पुढे जाऊन मागे येणं आहे, आणि पर्वरीत उड्डाणपुलाचं काम चालू असेपर्यंत तिथे किती वेळ जाईल हे कोणी सांगू शकत नाही. त्यापेक्षा पणजी बसस्थानकाच्या बाजूने मांडवीच्या जुन्या पुलावर चढा, पूल उतरताच डावीकडे बेतीला वळा आणि वेरें करत नेरूल गाठा. स्कूटरवाल्यांना तर पर्यायच नाही, अटल सेतूवर दुचाकी चालत नाही. पणजीतच मुक्काम असेल तर बेतीची फेरीबोटही आहे.

शेवटचा अर्धा किलोमीटर सगळ्यात जास्त वेळ खातो. गावातले रस्ते अरुंद, गाडी लावायला जागा थोडी, आणि मॅपवरची खूण अनेकदा टूरवाल्यांच्या ऑफिसची असते, स्की सुटतात त्या जागेची नसते. आदल्या दिवशी व्हॉट्सॲपवर दोन लोकेशन मागून घ्या: गाडी लावायची जागा आणि जमायची जागा. दोन्हींमध्ये चालायला दहा मिनिटं धरा. तुमच्या बाबतीत मॅपने सांगितलेली सातपंचावन्नची वेळ जवळपास बरोबरच निघाली. बाकीची दहा मिनिटं पार्किंग आणि वाळूत गेली, असं तुमच्याच लिहिण्यावरून दिसतं.

म्हणजे उलटं मोजायचं. सव्वासातला हजेरी, सातपाचला पार्किंग, प्रवासाला सव्वा तास, म्हणून कोलव्याहून पाच-पन्नासला गाडी हलली पाहिजे. मी असते तर साडेपाच धरले असते, कारण हिवाळ्यात तेव्हा अंधार असतो आणि रस्त्यावर गुरं बसलेली असतात.

गाडीची व्यवस्था आदल्या संध्याकाळीच हवी. गोव्यात ओला-उबर नाहीत. गोवामाइल्सचं ॲप आहे, पण पहाटे आतल्या गावांत गाडी लगेच मिळेलच असं नाही. हॉटेलजवळच्या टॅक्सी स्टँडवर वेळ आणि भाडं पक्कं करून ड्रायव्हरचा नंबर घ्या. भाड्याची स्कूटर असेल तर पेट्रोल रात्रीच भरा, टाकी बहुधा रिकामीच मिळते. नंबरप्लेट काळी आणि त्यावर पिवळे आकडे आहेत ना, ते पाहा. पांढऱ्या प्लेटची गाडी भाड्याने घेतलेली आढळली किंवा हेल्मेट नसलं, तर पोलिसांपाशी वीस मिनिटं सहज जातात.

तुमच्या तक्रारीचा एक भाग मात्र आम्हाला पूर्ण पटतो. पावतीवर फक्त ‘सकाळी ८’ लिहिलेलं होतं, हजेरीची वेळ नव्हती आणि उशिराचा नियमही नव्हता. हे चालवून घेऊ नका. आगाऊ रक्कम देण्याआधी लेखी विचारा: हजर कधी व्हायचं, कुठे व्हायचं, उशीर झाला तर पुढची वेळ मिळते का, आणि समुद्र खवळला म्हणून टूर रद्द झाली तर पैसे पूर्ण परत मिळतात का. उत्तर फोनवर मिळालं तर तेच मेसेज करून ‘बरोबर ना?’ असं लिहून ठेवा. आत्ताही पावतीचा फोटो पाठवून त्यांच्याकडे दुसऱ्या वेळेची मागणी करा. पैसे परत देण्यापेक्षा रिकाम्या जागेवर घेणं त्यांना सोपं जातं, विशेषतः आठवड्याच्या मधल्या दिवशी. आणि वाटेत उशीर होतोय असं दिसलं तर मेसेज न करता फोन करा. ‘येतोय, जवळच आहे’ यावरून त्यांना काहीच ठरवता येत नाही, ‘बांबोळी उतरतोय, चाळीस मिनिटं लागतील’ यावरून येतं.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सासू-सासऱ्यांना घेऊन पुन्हा कोलव्यालाच येणार आहात, तर उत्तरेत जायचा अट्टहास सोडा. बाणावली, वार्का, केळशीवरून मोबोर कोलव्यापासून पंधरा-सोळा किलोमीटरवर आहे आणि तिथेही जलक्रीडा चालतात. तिथे मिळते ती मार्गदर्शकासोबतची लांब टूर आहे की किनाऱ्यासमोरची छोटी फेरी, एवढं आधी विचारून घ्या. टूर साळ नदीच्या मुखाकडे जाणार असेल तर भरतीची वेळही विचारा, बेतूलपाशी वाळू खूप साचते. रविवार असेल तर चर्चमधली सकाळची प्रार्थना सुटायच्या वेळी त्या गावांतल्या रस्त्यांवर दोन्ही बाजूंना गाड्या असतात, तेव्हा पंधरा मिनिटं जास्त धरा. सासऱ्यांच्या चष्म्याला मागून बांधायची दोरी घ्या, आणि गाडीची रिमोटची किल्ली खिशात न ठेवता काउंटरवर द्या. खाऱ्या पाण्यात ती बिघडली तर परतीची गाडीच सुरू व्हायची नाही.