दुसरा कॅलिपर दुप्पट ब्रेकसाठी नसतो

विषय ड्रिफ्टिंगचा, म्हणजे मागची चाकं मुद्दाम घसरवत गाडी वळवायचा. त्यासाठी लावतात तो हायड्रो हँडब्रेक केबलऐवजी ऑइलच्या दाबाने मागची चाकं जाम करतो, आणि कॅलिपर म्हणजे चाकाच्या डिस्कला पॅडने चिमटा घेणारा भाग. गेल्या महिन्याभरात यावर एकच मेसेज मला पाच जणांनी पाठवला. मजकूर असा: "ड्रिफ्ट गाडीला हायड्रो हँडब्रेक लावताय? मागे डबल कॅलिपर टाका, ब्रेक डबल. जुन्याच लाइनला टी मारून जोडा, खर्च वाचतो. सिलिंडर जितका मोठा, तितकं लॉक कडक. कंपनीचा हँडब्रेक काढून फेका, वजन कमी. आणि नागपूरच्या उन्हात ब्रेक ऑइल उकळतं, उन्हाळ्यात हायड्रो विसरा." हिंगणा एमआयडीसीतल्या ज्या शेडमध्ये माझी जुनी ई४६ बीएमडब्ल्यू उभी असते, तिथल्या पोरांनी तर टी (एका लाइनच्या दोन करणारा जोड) विकतही आणला होता. "भाऊ, दोन कॅलिपर म्हणजे ब्रेक डबलच होईन ना!"

नाही होत. चाक जाम झालं की झालं. त्यापुढचा मामला टायर आणि डांबराचा. जाम चाक आणखी जाम करता येत नाही, आणि माझ्या गाडीचं मागचं चाक एका कॅलिपरवरही जाम व्हायचं. दुसरा लावला तो वाटणी करायला. पायाच्या ब्रेकचा मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ऑइल ढकलणारा), त्याचे पाइप, एबीएसचा ब्लॉक आणि मूळ कॅलिपर हा एक संसार. हँडब्रेकचा सिलिंडर, त्याची छोटी टाकी, नळी आणि दुसरा कॅलिपर हा दुसरा. एकाचं ऑइल दुसऱ्यात जात नाही. हँडब्रेकचं सील फाटलं तरी पायाखालचा ब्रेक शाबूत.

मागच्या लाइनच्या मध्येच सिलिंडर बसवायची स्वस्त पद्धतही आहे आणि ती मी वाईट म्हणणार नाही, कितीतरी गाड्या तशाच पळतात. फक्त तिथे पायाचं ऑइल हँडब्रेकच्या सिलिंडरमधूनच मागे जातं. तो गळला की मागचा पायाचा ब्रेकही गेला.

आता तो टी. मेसेजमधली सगळ्यात घातक ओळ हीच. दोन्ही कॅलिपर एका लाइनला जोडले की पेडल दाबताच दोन्ही चावतात. दाब तेवढाच, पण मागच्या डिस्कवर पकड दुप्पट. ब्रेक मारताना गाडीचं वजन पुढे सरकतं, मागचे टायर हलके होतात, म्हणून तर कंपनी मागे ब्रेक कमी ठेवते. तिथेच दुप्पट दिला तर वळणावर नुसता पाय ठेवला तरी शेपूट आधी सुटणार, तीही तुम्ही मागितली नसताना. शिवाय दोन कॅलिपरना ऑइल जास्त लागतं, म्हणून पेडल खोल जातं. म्हणजे वेगळेपणासाठी दुसरा कॅलिपर घ्यायचा आणि टी मारून तोच वेगळेपणा घालवायचा! पोरांनी आणलेला टी मी खिशात घातला, परत दिला नाही.

मेसेजमध्ये जे नाही, त्याने माझा अख्खा रविवार खाल्ला. मूळ कॅलिपर डिस्कच्या एका अंगाला, मग दुसरा समोरच्या अंगाला येतो. लेथवाल्याकडून जाड प्लेटचं ब्रॅकेट करून घेतलं, पॅड डिस्कला समांतर बसले, जॅकवर चाक पूर्ण खाली सोडून नळी ताणत नाही हेही पाहिलं. सगळं चोख. मग ऑइलमधली हवा काढायला बसलो. एक जण लिव्हर ओढतोय, मी निपल (कॅलिपरवरचा हवा काढायचा स्क्रू) सोडतोय, अर्धी बाटली ऑइल गेलं तरी लिव्हर स्पंजासारखा. दुपारी तर्रीपोहा खाऊन आलो आणि गाडीखाली आडवा झालो तेव्हा दिसलं, निपल खाली होतं. डाव्या चाकाचाच कॅलिपर डिस्कच्या पलीकडच्या अंगाला नेला की तो उलटा होतो. हवा वर बसते आणि निपल तळाशी. तिथून जन्मभर ऑइल काढलं तरी बुडबुडा निघायचा नाही. उपाय सोपा: उजव्या बाजूचा कॅलिपर डाव्या चाकाला, डाव्याचा उजव्याला. निपल आपोआप वर येतं. मी अदलाबदल केली आणि दहा मिनिटांत लिव्हर दगड झाला.

मोठ्या सिलिंडरचा हिशेब शाळेतला आहे. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. ५/८ इंची बोअरचं (सिलिंडरच्या आतल्या भोकाचं) क्षेत्रफळ साधारण १९८ चौरस मिलिमीटर, ३/४ इंचीचं २८५. हात तेवढ्याच जोराने ओढला तर लहान बोअर सुमारे ४४ टक्के जास्त दाब देतो. बदल्यात लिव्हर लांब ओढावा लागतो, आणि कॅलिपरचे पिस्टन फार मोठे असतील तर तो टोकाला टेकतो. तेव्हाच मोठा घ्यायचा.

ऊन? मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, मान्य. नव्या डॉट ४ दर्जाच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो. ऑइल उकळतं ते डिस्कच्या तापाने. त्याचा खरा वैरी पावसाळा. हे ऑइल हवेतला ओलावा पितं आणि पाणी मुरलं की तोच आकडा १५५ पर्यंत उतरू शकतो. मी दिवाळीआधी बदलतो.

राहिला कंपनीचा हँडब्रेक. ई४६ मध्ये तो मागच्या डिस्कच्या पोटातल्या छोट्या ड्रमवर, केबलने चालतो. हायड्रोच्या वाटेत येतच नाही. तरी मीही एकदा केबल काढली होती. गाडी रस्त्यावर चालवत नाही (नोंदणीशी न जुळणारा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाही), ट्रेलरवर नेतो. डिसेंबरात सराव करून आलो, ब्रेक तापलेले होते. शेडमध्ये हायड्रोचा लिव्हर ओढला, पिन लावली आणि झोपायला गेलो. रात्री गारठा पडला. सकाळी पिन जागेवर होती, लिव्हर ओढलेलाच होता, आणि मागचं चाक जॅकवर घेतलं तर एका हाताने फिरलं. गार होताना ऑइल आकसलं आणि दाब गेला. गाडी उभी ठेवायला केबलच हवी.