रेवदंड्याचा रोमन सम्राट

रेवदंड्याच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी पायाला काहीतरी टोचले, तेव्हा शिंपला समजून मी तो समुद्रात भिरकावण्याच्या बेतात होतो. पण वाकून पाहिले तर काळसर वाळूत एक गोल चकती रुतलेली होती आणि तिच्यावरच्या चिकट थराखाली धातू असल्याचे जाणवत होते. बँकेत 31 वर्षे रोखपाल म्हणून काढल्यामुळे नाण्याचा स्पर्श मला डोळे मिटूनही कळतो, असा माझा तोपर्यंत समज होता.

पहिला संशय अर्थातच शिवराईचा आला, कारण चौल-रेवदंड्याच्या बाजूला मराठी माणसाला मातीत काही गवसले की ती शिवराईच असावी असे त्याला मनापासून वाटते. परंतु शिवराईवर एका बाजूस 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूस 'छत्र पति' एवढी अक्षरेच असतात, चेहरा नसतो. माझ्या चकतीवर मात्र थर किंचित खरवडताच एक तुळतुळीत टक्कल वर आले. रेवदंड्याचा कोट 1740 पर्यंत पोर्तुगीजांकडे होता, म्हणून त्यांच्या राजांची चित्रे पाहिली, पण त्यांच्या डोक्यांवरचे केस पाहूनच त्यांना बाद करावे लागले. इतके निःसंकोच टक्कल मला अखेर रोममध्ये सापडले: सम्राट वेस्पासियन, कारकीर्द इसवी सन 69 ते 79. पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक नौकानयन-पुस्तिकेत 'सेमिल्ला' नावाचे जे बंदर येते ते चौल होय, असे अभ्यासक मानतात. काळ जुळला, बंदर जुळले, टक्कल जुळले. डोक्यामागच्या झिजलेल्या तीन उभ्या रेघा म्हणजे रोमन आकडा तीन आणि मागच्या बाजूचे तीन मुंड्यांचे जनावर म्हणजे पाताळाच्या दाराशी बसणारा सेर्बेरस नावाचा कुत्रा, हेही मी एकाच रात्रीत लावून टाकले.

"अहो, हा चेहरा कुठेतरी पाहिल्यासारखा वाटतो," सौभाग्यवती म्हणाली. वेस्पासियन आणि आपली ओळख असणे शक्य नाही, असे मी तिला समजावून सांगितले. जुन्या नाण्यावरचा थर आणि जंगाल हेच त्याच्या वयाचे दाखले असतात, ते घासले की जाणकारांच्या दृष्टीने त्याची किंमत जाते, यावरही मी अर्धा तास बोललो. दुसऱ्या दिवशी सकाळी देवाच्या उपकरण्यांबरोबर सम्राटही चिंचेने लख्ख घासून पालथा घातलेला मिळाला.

आता तो पिवळा चमकत होता, त्यामुळे दुःख फार वेळ टिकले नाही. रोमचे सोन्याचे नाणे सात-साडेसात ग्रॅमचे असे. आमचे सोनाराच्या काट्यावर साडेचारच्या आसपास भरले. उरलेले समुद्राने झिजवले असणार, असे मी म्हणालो. सोनारकाकांनी काही न बोलता कसोटीवर रेघ ओढली आणि तिच्यावर आम्लाचा थेंब सोडला. रेघ डोळ्यांदेखत विरून गेली.

"काका, समुद्राने सोनं झिजवलं असेल, पण पितळ कसं केलं?" त्यांनी विचारले.

एव्हाना बातमी आळीभर झाली होती. शेजारचे नाना राम-सीता-हनुमान असलेले, ईस्ट इंडिया कंपनीचे 1818 सालचे म्हणवणारे नाणे घेऊन आले; कंपनीने अशी नाणी कधीच पाडली नाहीत, ही सगळी नंतरची बनावट, हे मी त्यांना अत्यंत सहानुभूतीने सांगितले. (दुसऱ्याचे नाणे पारखताना माझी बुद्धी उत्तम चालते.) मग एका अनोळखी गृहस्थाचा फोन आला आणि माझे नाणे तांदळाचे दाणे ओढून घेते का, अशी त्याने चौकशी केली. असल्या 'चमत्कारी' नाण्यांच्या नावाखाली लोक लाखोंना बुडतात हे ठाऊक असल्याने मी फोन ठेवला. तरीही रात्री स्वयंपाकघरात जाऊन मी सम्राटासमोर पाच-सहा दाणे धरून पाहिले, हे इथे कबूल करतो.

शेवटी पुण्यातील एका वृद्ध नाणेसंग्राहकांकडे गेलो. 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेला दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावा लागतो, म्हणून तसा अर्जही खिशात होता. त्यांनी नाणे दोन बोटांत फक्त कडेने धरले. "हातोड्याने ठोकलेलं नाणं इतकं गोल नसतं. कड बघा, हे यंत्रावरचं काम आहे," असे म्हणत त्यांनी ते मखमलीवर ठेवले, खोलीतला दिवा मालवला आणि टेबलालगत विजेरी आडवी धरली. तिरप्या उजेडात झिजलेल्या उंचवट्यांना सावल्या फुटल्या. माझ्या रोमन आकड्याच्या शेजारी हळूहळू एक 'ह' उभा राहिला, आणि आकड्यातल्या दोन रेघा काना निघाल्या.

"वाचा," ते म्हणाले.

"महात्मा," मी वाचले.

जन्मशताब्दीनिमित्त 1969 मध्ये काढलेले ते वीस पैशांचे नाणे होते. सेर्बेरस हा अशोकस्तंभ होता. त्यांनी माझा अर्ज पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारले आणि म्हणाले, "दहा रुपयांच्या आत बसतंय. शिवाय 30 जून 2011 पासून हे चलनातही नाही. जिल्हाधिकाऱ्यांना त्रास देऊ नका."

घरी आल्यावर सौभाग्यवतीने काहीच विचारले नाही. तिने देव्हाऱ्याखालचा जुना डबा काढला, त्यातली तसलीच पाच नाणी जमिनीवर मांडली, सम्राटाला त्यांच्या रांगेत बसवले आणि म्हणाली, "सहा झाली."