45 टक्के पडले की झालं?

आज दुपारी एक पालक कॉलेजात आले होते. मुलगा आमच्याकडे बारावी सायन्सला, म्हणजे कागदावर. वर्षभर शहरातल्या क्लासला, इंटिग्रेटेड. त्यांचं म्हणणं एवढंच की प्रॅक्टिकलचे मार्क तेवढे भरून टाका, पोराला इथे बोलवू नका, त्याचा दिवस फुकट जातो. मी म्हटलं, अहो त्याने लॅबचं दारसुद्धा पाहिलेलं नाही, मार्क कशाचे भरू? तर हसत म्हणाले, "मॅडम, बोर्डाचं काय घेऊन बसलात, पीसीएमला 45 टक्के पडले की झालं, पुढे सगळं सीईटीवरच आहे."

तेव्हापासून डोकं फिरलंय माझं. त्यांचा राग आलाच, पण जास्त राग याचा आला की नियमाने बघितलं तर माणूस बरोबर बोलतोय. इंजिनिअरिंगच्या प्रवेशाला पीसीएममध्ये, म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्समध्ये, ओपनला 45, राखीव वर्गाला 40, एवढे टक्के मिळवा आणि बारावीला रामराम करा, मेरिट लागतं ते राज्याच्या सीईटी या प्रवेश परीक्षेवर. मग दोन वर्षं वर्गात बसून शिकलेल्या पोराची किंमत काय? शून्य. टाय झाला तरच बारावीचे मार्क बघतात, तेही सीईटीच्या विषयांचे पर्सेंटाइल (शंभरातली किती पोरं आपल्या मागे, तो आकडा) बघून झाल्यावर.

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगी होती. नाव लिहीत नाही, तिला आवडणार नाही. गावाहून एसटीने यायची, पहिली गाडी चुकली की थेट दुसऱ्या तासाला. एकदा मीटर ब्रिजचं, म्हणजे तारेवर रेझिस्टन्स मोजायचं, प्रॅक्टिकल चाललेलं आणि एका टेबलावर गॅल्व्हनोमीटरचा काटा तारेच्या दोन्ही टोकांना एकाच बाजूला पळत होता. बाकीच्यांनी सेल बदलला, गॅल्व्हनोमीटर बदलला, मग बाजूच्या टेबलावरचं रीडिंग उतरवायला घेतलं. ही तिथेच उभी. म्हणाली, मॅडम दोन्हीकडे एकाच बाजूला जातोय म्हणजे एका गॅपमध्ये करंटच जात नसणार. आणि एकेक स्क्रू उघडत बसली. तांब्याच्या पट्टीच्या एका टर्मिनलखाली हिरवा थर साचला होता, पॉलिश पेपरने घासला, परत आवळला, काटा सरळ झाला. मी फक्त बघत होते. इतकी वर्षं शिकवतेय, असं डोकं फार कमी वेळा बघायला मिळालं.

सीईटीला तिला 86 च्या आसपास पर्सेंटाइल पडले.

आता ही सीईटी काय आहे ते बघा. फिजिक्स-केमिस्ट्री मिळून 100 प्रश्न आणि वेळ 90 मिनिटं. म्हणजे एका प्रश्नाला 54 सेकंद, त्यातच वाचायचं, सोडवायचं, क्लिक करायचं. चुकलं तर मार्क कापत नाहीत, म्हणून क्लासवाले शिकवतात की शेवटची दोन मिनिटं राहिली की उरलेल्या सगळ्या प्रश्नांना एकच पर्याय ठोकत जा, चारातला एक लागतोच. मीही वर्गात सांगते, सगळं भरून या. हिने शेवटचे बरेच प्रश्न कोरे सोडले. का गं बाई, तर म्हणे, "न वाचताच कसं उत्तर देऊ मॅडम?"

मला सांगा, इंजिनिअर म्हणून तुम्हाला कोण हवाय? तुमच्या घरावरून जाणारा पूल कोणी बांधावा?

आणि ते पर्सेंटाइल तरी कसलं, दशांश चिन्हानंतर सात आकडे! जणू काही पोराची हुशारी सोनाराच्या काट्यावर तोलली. वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळ्या शिफ्टला वेगवेगळे पेपर, मग ते आकडेमोड करून एका पातळीवर आणायचे, आणि त्यातून निघालेल्या चौथ्या-पाचव्या दशांशावर ठरणार कोण पुण्याच्या सीओईपीसारख्या नामांकित इंजिनिअरिंग कॉलेजला जाणार आणि कोण नाही. 2025 ला तर एका शिफ्टच्या गणिताच्या पेपरात 21 प्रश्नांचे पर्यायच चुकले होते, 50 पैकी 21! सत्तावीस हजारांच्या वर पोरांना मे महिन्यात परत बसवलं. त्या पोरांचे आठ-दहा दिवस कसे गेले असतील ते त्यांच्या आयांना विचारा. बोर्डाच्या पेपरात एक प्रश्न चुकला तर केवढी बोंब होते, इथे दोन दिवस बातम्या आल्या आणि विषय संपला.

हो, माहितीये मला, आता कोणीतरी म्हणणार की बोर्डाचे मार्क कुठे धुतल्या तांदळाचे असतात. नसतात. प्रॅक्टिकलचे 30 पैकी 30 कसे पडतात ते मी तुम्हाला सांगायला नको, कॉप्यांचंही तेच, आणि 2021 ला परीक्षाच न घेता बारावीचा निकाल 99.63 टक्के लागला होता. मान्य. सगळ्यांना एक समान परीक्षा हवीच. पण समान परीक्षा हवी आणि फक्त तीच हवी, यात फरक आहे की नाही? बोर्डाची परीक्षा सडली असेल तर ती नीट करा ना, बाहेरचा परीक्षक खरंच बाहेरून आणा, लॅबमध्ये उभं करा त्याला. आम्ही काय केलं, ती सडलीये म्हणून मोजायचीच बंद केली, आणि मोजायची बंद केल्यावर ती अजूनच सडली. वर्ग ओस पडले, लॅबमध्ये धूळ, आणि पोरं क्लासच्या एसी हॉलमध्ये दोन-अडीचशेच्या घोळक्यात. ज्यांच्या घरी वर्षाला लाख-दीड लाख क्लासला टाकायला आहेत त्यांची पोरं. ती एसटीवाली कुठून टाकणार?

हे काही आभाळातून पडलेलं नाही. 2014 आणि 2015 ला मेरिट बारावी आणि जेईई मेन (देशपातळीवरची प्रवेश परीक्षा) निम्मं-निम्मं धरून लागत होतं. 2016 ला परत सीईटी आली. 2022 ला मंत्र्यांनीच जाहीर केलं होतं की पुढच्या वर्षीपासून बारावी आणि सीईटी 50-50 धरणार, आम्ही स्टाफरूममध्ये खरंच खूश झालो होतो. पुढे काहीच झालं नाही. कोणी विचारलंही नाही, कारण विचारणारे आपण, आणि आपलीच पोरं क्लासला.

आणि हे बघा. डिप्लोमाची पोरं थेट दुसऱ्या वर्षाला येतात ती डिप्लोमाच्या मार्कांवर येतात, त्यांना कुठलीही सीईटी नाही. तीन वर्षं वर्कशॉप, ड्रॉइंग, सबमिशन, त्याचे मार्क चालतात. मुंबईच्या व्हीजेटीआयसारख्या नावाजलेल्या कॉलेजातसुद्धा. म्हणजे वर्षानुवर्षं केलेल्या कामावर विश्वास ठेवता येतो की! मग बारावीच्या पोरांनीच काय घोडं मारलंय?

बरं, ती मुलगी. लिहिता लिहिता राग थोडा उतरला म्हणून सांगते. घरापासून लांबच्या एका खाजगी कॉलेजात इलेक्ट्रिकलला गेली. 2024 पासून सरकारने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींची फी माफ केली, फार चांगलं केलं, मनापासून सांगते, ती योजना मला आवडते. पण तिच्या वेळी ते नव्हतं, वडिलांनी म्हैस विकली होती. मध्यंतरी तिचा फोन आला, म्हणाली कॉलेजच्या लॅबमधली निम्मी मशीन बंदच असतात, सर म्हणतात रीडिंग जुन्या जर्नलमधून घ्या. मी विचारलं मग तू काय केलंस? म्हणे एक मोटर उघडली, सर ओरडले, पण चालू झाली. मला हसूही आलं आणि पोटात तुटलंही. या पोरीला सीओईपीची लॅब मिळायला हवी होती हो. हक्क होता तिचा.

मी सीईटी सेलला आणि शिक्षण खात्याला पत्र लिहितेय. दोनच मागण्या, बारावीच्या मार्कांना निदान तिसरा हिस्सा वजन द्या आणि सायन्सचं प्रॅक्टिकल दुसऱ्या तालुक्यातल्या परीक्षकासमोर घ्या. माझ्या लिस्टमध्ये ज्युनिअर कॉलेजवर शिकवणारे बरेच जण आहेत, आणि दहावी-बारावीच्या पोरांचे आईबापही. सही करायची असेल त्यांनी मेसेज करा, रविवारी मसुदा पाठवते. त्या पालकांना मात्र मी नाही म्हणून सांगितलंय, पोराला पाठवा, बॅच लावून देते, प्रयोग केले तरच मार्क.