मानेचे प्रताप

माझं डोकं दुखतं ते उजव्या भुवईच्या वर, बरोब्बर बोटभर जागेत. त्यामुळे उपचारही तिथेच झाले. बाम चोळून चोळून कातडं सोललं. चष्म्याचा नंबर तपासला, तो होता तिथेच होता. ‘पित्त झालं असेल’, ‘जागरण बाधलं’, ‘तू विचार फार करतोस’ अशी निदानं घरबसल्या फुकट मिळाली. मानेचं नाव मात्र कुणी काढलं नाही.

मग फिजिओथेरपिस्ट बाईंनी मला पालथं झोपवलं आणि कवटी संपते तिथल्या खळगीत अंगठा रुतवला. दाबली मान, कळ आली थेट डोळ्यामागे! “हीच ना तुमची डोकेदुखी?” बाईंच्या आवाजात एवढा आनंद होता की मला हो म्हणताना अपमान वाटला.

भानगड अशी की मानेच्या वरच्या 3 नसा आणि कपाळाची खबर नेणारी नस मेंदूच्या खालच्या टोकाला एकाच ठाण्यात तक्रार नोंदवतात. मूळ फिर्यादी कोण, याचा घोळ होतो आणि नोंद कपाळाच्या नावावर होते. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! डॉक्टर याला सर्व्हायकोजेनिक हेडेक म्हणतात. हे दुखणं बहुधा एकाच बाजूचं, मागून पुढे सरकणारं, मान वळवली की वाढणारं. अर्थात मायग्रेनमध्येही मान दुखते, तेव्हा दर वेळी मानेलाच धरून चोपू नये. आणि तापासोबत मान आखडली, किंवा डोकं एकाएकी कधी नव्हे इतकं ठणकलं, तर अंगठाबिंगठा राहू दे, तडक दवाखाना गाठावा.

मानेची बाजूही ऐकायला हवी. साडेचार-पाच किलोचं डोकं दिवसभर 7 मणक्यांवर तोलायचं म्हणजे काय! जिराफालाही सातच असतात. पण तो मोबाइल बघत नाही.

बाईंनी व्यायाम दिला: हनुवटी सरळ मागे ओढायची. नीट जमला की गळ्याशी दुसरी हनुवटी उगवते आणि चेहऱ्यावर घोर तुच्छता पसरते. मी तो ऑनलाइन मीटिंगमध्ये, कॅमेरा चालू असताना केला. साहेब नवी योजना मांडता मांडता थबकले. “पटत नाहीये का तुम्हाला?” तसं नाही, हे सांगायला मी मान हलवायला गेलो. ती वळेना, म्हणून खांद्यांसकट अख्खाच डावी-उजवीकडे हललो.

योजना मागे घेण्यात आली.