फोम लावून शेजारचा आवाज थांबत नाही

शेजारच्या आवाजावर घरगुती उपाय सांगणारा एक मजकूर सतत फिरत असतो. शब्द थोडेफार बदलतात, आशय तोच. सामाईक भिंतीला फोमचे तक्ते किंवा अंड्यांचे ट्रे चिकटवा, 80 टक्के आवाज जिरतो. ते नको असेल तर ध्वनिरोधक रंग द्या किंवा जाड पडदा सोडा. तरीही आवाज आला तर भिंतीवर आणखी एक बोर्ड ठोका. वरच्या मजल्यावरची पावलं ऐकू येत असतील तर तोच फोम छताला लावा. आणि शेवटी हमखास एक ओळ: एवढं केलं की शेजाऱ्यांशी बोलायची गरजच उरत नाही.

हे वाचून माणसं पैसे घालतात, सुट्टी घालवतात आणि त्याच रात्री त्यांच्या लक्षात येतं की पलीकडचा टीव्ही होता तसाच ऐकू येतोय. मग बहुतेकांची समजूत होते की आपल्या घराला उपायच नाही. मला सगळ्यात जास्त लागतं ते हे. उपाय असतो, पण या मजकुरात सांगितलेल्या जागी नसतो. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

“फोम 80 टक्के आवाज जिरवतो”

आधी तो आकडा. दोन्ही बाजूंनी गिलावा केलेली साधी अर्ध्या विटेची भिंत साधारण 45 डेसिबल आवाज अडवते. डेसिबलचं गणित गुणाकाराचं आहे, दर 10 डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दहा पटींनी घटते. म्हणजे पलीकडून भिंतीवर आदळलेल्या ऊर्जेचा सुमारे तीस हजारावा हिस्सा आपल्याकडे पोचतो. काहीही न लावता ती भिंत 99.99 टक्क्यांहून जास्त ऊर्जा अडवतेच आहे, आणि उरलेली तेवढीशीसुद्धा ऐकू येते इतका आपला कान तीक्ष्ण आहे. त्यामुळे 80 टक्के हा आकडा कितीही भारी वाटला तरी त्याचा अर्थ होतो फक्त 7 डेसिबल. आवाज निम्मा झाल्यासारखा वाटायला साधारण 10 डेसिबलची घट लागते. फोम तर ते 7 डेसिबलही देत नाही.

का देत नाही, ते हातात तुकडा घेतला की कळतं. फोम तोंडाशी धरून फुंकर मारा, हवा आरपार जाते. हवेला वाट आहे तिथे आवाजालाही वाट आहे. वाजता फोन फोमच्या दोन तुकड्यांमध्ये ठेवून पाहा, आवाज थोडा दबका होईल, पण येत राहील. तोच फोन घट्ट झाकणाच्या जड डब्यात ठेवा, आवाज एकदम खाली जाईल. आता झाकण काडीभर उचला, बराचसा आवाज परत येईल. आवाज अडवायला वजन लागतं आणि बंदिस्तपणा लागतो, हे त्या डब्यापाशी पुरतं स्पष्ट होतं. फोमकडे दोन्ही नाहीत, अंड्यांच्या ट्रेकडे तर नाहीतच. तो लगद्याचा हलका कागद आहे.

मग ध्वनिमुद्रणाच्या खोलीत फोम का दिसतो? तिथे त्याचं काम खोलीतला घुमारा कमी करणं हे असतं. 1895 मध्ये हार्वर्ड विद्यापीठातल्या फॉग संग्रहालयाच्या नव्या व्याख्यानगृहात शब्द इतके घुमायचे की व्याख्यान समजेना. वॉलेस सबाइन या तरुण प्राध्यापकाने दुसऱ्या सभागृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री आणून तिथे मांडल्या आणि प्रत्येक वेळी घुमारा किती वेळ टिकतो ते मोजलं. गाद्या वाढल्या तसा घुमारा कमी झाला. खोलीच्या ध्वनिशास्त्राचा पाया त्या प्रयोगांतून घातला गेला. पण गाद्यांनी जे साधलं ते त्या खोलीतल्या खोलीत. आवाज भिंतीपलीकडे किती जातो हा प्रश्न वेगळा, त्याची उत्तरंही वेगळी.

खोली अगदी रिकामी, टणक फरशीची असेल तर गालिचा, गाद्या, पुस्तकांची कपाटं यांनी फरक पडतो हे मान्य करायला हवं. खोलीतलं शोषण दुप्पट झालं तर आवाजाची पातळी 3 डेसिबल उतरते. जाणवेल न जाणवेल इतका हा फरक आहे, आणि तोही वरच्या पट्टीतच. 100 हर्ट्झच्या आवाजाची तरंगलांबी जवळजवळ साडेतीन मीटर असते, अडीच सेंटिमीटरच्या फोमला ती जुमानत नाही. पलीकडून येणारी धडधड, गाण्यातला ठेका, पुरुषी आवाजाची घरघर हे सगळं खालच्या पट्टीतलं. नेमकं जे त्रास देतं त्यावरच फोम हतबल ठरतो.

आणि आग. हा भाग मजकुरात कधीच नसतो. साधा पॉलियुरेथेन फोम भडकन पेटतो आणि त्याच्या धुरात विषारी वायू असतात. फेब्रुवारी 2003 मध्ये अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात वेस्ट वॉरविक इथल्या एका नाइटक्लबमध्ये मंचावरच्या आतषबाजीच्या ठिणग्या भिंतीवरच्या फोमला लागल्या, 100 माणसं गेली. तो फोम तिथे लावला होता शेजाऱ्यांच्या आवाजाच्या तक्रारी आल्या म्हणून. जानेवारी 2013 मध्ये ब्राझीलच्या सांता मारिया शहरात नाइटक्लबच्या छताच्या फोमने असाच पेट घेतला, 242 माणसं गेली. झोपायच्या खोलीत, स्विचबोर्डाच्या आजूबाजूला, उशाशी स्वस्तातला फोम चिकटवायला सांगणाऱ्यांनी एवढं तरी वाचावं.

“ध्वनिरोधक रंग द्या, जाड पडदा सोडा”

इथे फार वेळ घालवायला नको. अर्ध्या विटेच्या भिंतीचं वजन चौरस मीटरला 200 किलोच्या घरात असतं. रंगाचे कितीही हात दिले आणि त्यात 2 किलोची भर पडली असं धरलं, तरी हिशेबाने फायदा 0.1 डेसिबलहून कमी येतो. तो कोणत्याही माणसाला ऐकू येणार नाही. पडदा खिडकीवर सोडला तर खोलीतला घुमारा किंचित कमी करेल. भिंतीवर सोडला तर तेही फारसं नाही.

“भिंतीवर आणखी एक बोर्ड ठोका”

हा मुद्दा मात्र नीट पाहायला हवा, कारण यात तथ्याचा अंश आहे आणि म्हणूनच यात सगळ्यात जास्त पैसे बुडतात.

जड भिंत जास्त आवाज अडवते, हे खरं. पण वजन दुप्पट केलं की फायदा होतो 5 ते 6 डेसिबल. चौरस मीटरला 200 किलोच्या भिंतीवर चौरस मीटरला 10 किलोचा जिप्सम बोर्ड थेट ठोकला तर अर्धा डेसिबलही पदरात पडत नाही. (जाडीवर जाऊ नये ते याचसाठी. हलक्या फुगीर सिमेंट ब्लॉकची भिंत विटेच्या भिंतीइतकीच जाड असली तरी वजनाने तिच्या तिसऱ्या हिश्श्याइतकीच भरते आणि आवाजही कमी अडवते.)

मग काही जण बोर्डामागे दोन सेंटिमीटरची पोकळी सोडतात, किंवा थर्माकोल चिकटवून त्यावर बोर्ड लावतात. इथे आगीतून फुफाट्यात पडल्यासारखं होतं. पोकळीत कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी वागते आणि बोर्ड त्या स्प्रिंगवर ठरावीक पट्टीत जोरात डोलतो. 10 किलोचा एक बोर्ड आणि 2 सेंटिमीटर पोकळी असेल तर ही पट्टी 130 हर्ट्झच्या आसपास येते, पुरुषाच्या बोलण्याचा खालचा सूर आणि गाण्यातला ठेका नेमका तिथेच असतो. त्या पट्टीत आवाज आधीपेक्षा वाढतो. थर्माकोल हवेपेक्षा ताठ, त्यामुळे तो ही पट्टी आणखी वर, बोलण्याच्या मध्यावर नेऊन ठेवतो.

काम करतो तो वेगळा प्रकार. मूळ भिंतीला कुठेही न टेकणारा स्वतंत्र सांगाडा, मागे 10 सेंटिमीटर मोकळी जागा, त्यात खनिज लोकर (रॉकवूल) आणि पुढे बोर्डाचे दोन थर, दरजा एकावर एक न येतील असे. आता तीच डोलण्याची पट्टी 42 हर्ट्झच्या आसपास उतरते आणि बोलण्याचा आवाज तिच्या बराच वर राहतो. खोलीची 14-15 सेंटिमीटर जागा जाते. ती द्यायची तयारी नसेल तर बोर्डाच्या वाटेला जाऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे. आणि एकच खिळा सांगाड्यातून मूळ भिंतीत गेला तरी त्या जागी पूल तयार होतो आणि मेहनतीचा बराच भाग वाया जातो.

हे सगळं करण्याआधी मात्र फटी शोधायच्या, ज्यांचा त्या मजकुरात उल्लेखच नसतो. हिशेब करून पाहा. भिंत 4 मीटर लांब, अडीच मीटर उंच. वर, जिथे ती तुळईला मिळते तिथे, मालाच्या आकसण्याने 1 मिलिमीटरची फट आरपार राहिली आहे. क्षेत्रफळ 40 चौरस सेंटिमीटर, तळहाताच्या निम्म्याहून कमी. एरवी 50 डेसिबल अडवणारी भिंत या फटीपायी 34 डेसिबलवर येऊ शकते. अशा भिंतीला कितीही फोम लावा, रंग लावा, दुखणं रेड्याला आणि औषध पखालीला.

फट सापडते कानाने. पलीकडे रेडिओवर बोलण्याचा कार्यक्रम चालू असताना आपल्याकडचं सगळं बंद करायचं आणि कान भिंतीपासून चार बोटांवर धरून सावकाश सरकत जायचं. मधल्या सपाट भागात आवाज नुसता गुणगुणतो. कोपऱ्यात, छताच्या कडेला, खिडकीच्या चौकटीशी, पाइप भिंतीतून जातो तिथे, मध्येच शब्द कळायला लागतात. शब्द कळले ती जागा खडूने मार्क करायची. स्विचबोर्ड तर हमखास तपासायचा. दोन्ही घरांचे बोर्ड पाठीला पाठ लावून आले असतील तर मध्ये भिंत उरलेलीच नसते, दोन डबे आणि त्यांच्यामधला माल, कधी तोही नाही. वायरिंगसाठी मारलेल्या झिऱ्या वरवर लिंपलेल्या असतात, आत पोकळ. वायरमनला बोलावून, वीज बंद करून डब्यामागची जागा मालाने भरून घ्यायची, कडेच्या फटी लवचीक सीलंटने बुजवायच्या. हे एका दुपारचं काम आहे, आणि जिप्सम बोर्डाच्या खर्चापुढे याचा खर्च काहीच नाही.

“पावलांसाठी छताला फोम”

वरून येणारा पावलांचा आवाज हवेतून येतच नाही. टाच काँक्रीटवर आपटते, स्लॅब थरथरतो, थरथर भिंतींत उतरते आणि आपल्या खोलीचे सगळे पृष्ठभाग थोडे थोडे वाजतात. 15 सेंटिमीटरचा स्लॅब बोलण्याचा आवाज उत्तम अडवतो, आणि तरी त्याच स्लॅबवर ओढलेली खुर्ची खाली स्पष्ट ऐकू येते. त्याच्या खालच्या अंगाला फोम लावणं म्हणजे थरथर पसरून झाल्यावर जागं होणं.

हा आवाज थांबतो तो वरच, फरशी आणि पाय यांच्यामध्ये. खाली मऊ अस्तर असलेला गालिचा आपटण्याचा आवाज 20 डेसिबल आणि त्याहूनही जास्त कमी करतो. खुर्च्यांच्या पायांना नमदा, धुण्याच्या यंत्राखाली रबरी पाय, स्पीकर भिंतीपासून आणि जमिनीपासून सुटा. नंग्या टाचेचा धप्प असा खोल आवाज गालिच्यानेही पूर्ण जात नाही, हेही सांगितलं पाहिजे. माहितीपत्रकातले आकडे याबाबतीत मदत करत नाहीत. भिंत किती आवाज अडवते हे सांगायला दिला जाणारा एसटीसी हा आकडा 125 ते 4000 हर्ट्झपुरताच बोलतो, स्पीकरचा 50 हर्ट्झचा ठेका त्यात मोजलेलाच नसतो.

“शेजाऱ्यांशी बोलायची गरज उरत नाही”

या ओळीने सगळ्यात जास्त नुकसान केलं आहे. वर सांगितलेल्यातले सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात परिणामकारक उपाय पलीकडच्या घरात करायचे आहेत. न बोलता ते होणार कसे?

बोलणं अवघड होतं कारण दोघांनाही आपलंच खरं वाटतं, आणि खरंतर दोघंही खरं बोलत असतात. 75 डेसिबलवर चाललेला टीव्ही 45 डेसिबलच्या भिंतीतून आला की आपल्याकडे 30 च्या आसपास उरतो. दिवसा रस्ता, पंखा, स्वयंपाकघर यांच्या गलबल्यात 30 डेसिबल हरवून जातात. रात्री खोली 20-25 वर उतरते आणि तोच टीव्ही, तोच आवाज, वर उठून दिसतो. जागतिक आरोग्य संघटनेने 1999 मध्ये शांत झोपेसाठी झोपायच्या खोलीत सांगितलेली मर्यादाही 30 डेसिबलच आहे. पलीकडच्यांना म्हणूनच पटत नाही, “आम्ही आवाज वाढवलेलाच नाही” हे त्यांचं म्हणणं खोटं नसतं. आणि ज्याला झोप लागत नाही तोही उगीच कटकट करत नसतो.

तेव्हा तक्रार घेऊन जाण्याऐवजी पलीकडच्यांना आपल्याकडे ऐकायला बोलवावं. “काकू, तुमचा टीव्ही रोजच्याएवढाच चालू ठेवा आणि पाच मिनिटं आमच्या खोलीत बसा.” रात्री, पंखा बंद करून. मग आपण त्यांच्याकडे जाऊन बसावं आणि आपल्याकडचं काय ऐकू येतं ते ऐकावं, कारण भिंत दोन्ही बाजूंनी सारखीच आहे. टीव्ही सामाईक भिंतीवर टांगलेला असेल तर तो दुसऱ्या भिंतीवर हलवता येईल का, निदान स्पीकर भिंतीपासून सुटा करता येईल का, स्विचबोर्डाच्या डब्यांमागची जागा दोघांनी एकाच दिवशी भरून घ्यायची का, हे त्याच बैठकीत ठरवता येतं. आणि ती जागा भरायची तर दोन्ही घरांची वीज एकाच वेळी बंद ठेवावी लागेल, तेव्हा दिवसही दोघांच्या सोयीनेच धरावा लागतो.