कॅप्टनसाहेब, सही कुठे करायची ते सांगतो

कॅप्टनसाहेब, अभिनंदन! अखेर वैमानिक संघटनेच्या वाटाघाटी समितीवर तुमची वर्णी लागली. आता काही महिने कॉकपिटऐवजी हॉटेलच्या बिनखिडक्यांच्या सभागृहात बसायचं, समोर कंपनीचे वकील आणि मध्ये बर्फाच्या पाण्याचे जग. घाबरू नका. विमान उतरवण्यापेक्षा हे काम सोपं आहे. इथे काही आपटलंच तर त्याचा आवाज सात-आठ वर्षांनी येतो, आणि तोवर तुम्ही पासष्टी गाठून निवृत्त झालेले असता.

एकच सूत्र ध्यानात ठेवा: जो टेबलाशी हजर नाही, त्याचं आधी विकायचं.

घाई मात्र करू नका. तशी ती कायदा करूही देणार नाही. अमेरिकेतल्या विमान कंपन्यांचे कामगार करार १९२६ च्या रेल्वे लेबर ॲक्टखाली येतात. १९३६ साली विमानांनाही त्या डब्यात चढवलं गेलं. या कायद्याखाली करार संपत नाही, तो फक्त बदलण्याजोगा होतो. तारीख उलटून गेली तरी पगार जुना, नियम जुने, कंपनी खूश. मग नॅशनल मेडिएशन बोर्ड हे सरकारी मंडळ मध्यस्थ देतं आणि त्याच्या मर्जीला येईल तोवर तुम्हाला चर्चेला बसवतं. त्यानं मोकळं केलं की डोकी थंड करायला ३० दिवस. त्यानंतर संप करायची मुभा आहे, अर्थात राष्ट्राध्यक्ष जागे नसतील तर. १५ फेब्रुवारी १९९७ ला मध्यरात्रीच्या ठोक्याला अमेरिकन एअरलाइन्सचे वैमानिक संपावर गेले आणि बिल क्लिंटन यांनी आणीबाणी मंडळ नेमून काही मिनिटांतच तो संप थांबवला. बहुतेकांची बॅगही उघडून झाली नसेल.

तो संप कशावरून पेटला होता, ठाऊक आहे? नवी छोटी जेट विमानं कंपनीच्या वैमानिकांनी उडवायची की संलग्न कंपनीच्या स्वस्त वैमानिकांनी, यावरून. म्हणजे हे घोंगडं तुमच्या हाती येण्याआधीच चांगलं भिजलेलं आहे. सुकवायच्या फंदात पडू नका. आणि हो, संप जमत नाही म्हणून सामुदायिक आजारपण काढू नका. १९९९ मध्ये त्याच कंपनीचे वैमानिक रेनो एअरच्या खरेदीच्या वादात एकदम मोठ्या संख्येनं आजारी पडले. न्यायालयानं संघटनेला सुमारे साडेचार कोटी डॉलरचं औषध लिहून दिलं. ताप आलाच तर एकेकट्याला येऊ द्या.

आता मुख्य माल. कराराची जाडजूड वही उघडलीत की सुरुवातीलाच ‘स्कोप’ हे कलम दिसेल. पगाराचे तक्ते त्यानंतर येतात. हा क्रम लावणारी माणसं भाबडी होती. त्यांना वाटे, कंपनीच्या नावावर उडणारं विमान कंपनीच्याच ज्येष्ठता यादीतला वैमानिक उडवणार हे आधी ठरलं पाहिजे, मग त्याला तासाला किती द्यायचे ते बोलू. तुम्ही व्यवहारी आहात. तुम्हाला माहीत आहे की स्कोप हे रक्षण करायचं कलम नसून सुट्टे पैसे आहेत. दर वाढवून मागा. वकील खेदानं मान हलवतील. चहापानानंतर त्यांच्यातला एक जण सहज म्हणेल, “स्कोपमध्ये जरा सैल सोडता आलं तर बघा ना.” जरा म्हणजे किती, हे विचारायचं नाही. नव्वदच्या दशकात ५० आसनी जेट आली तेव्हा असल्या खेळण्यात कोण बसणार, असा मोठ्या विमानांवरच्या मंडळींचा तोरा होता. पुढे बाहेरच्या स्वस्त कंपन्यांना द्यायच्या विमानांची मर्यादा ५० आसनांची ७० झाली, ७० ची ७६. २००१ नंतरच्या दिवाळखोऱ्यांत तर दुसरा इलाजही फारसा नव्हता, हे मान्य करू. न्यायालय अख्खा करारच रद्द करू शकत होतं. पण तेजीतही आपला हात सैलच राहिला, त्याला काय म्हणाल?

आणि यात तुमचं जातं काय? तुम्ही बोइंगवर आहात, बोइंगवरच राहाल. जाते ती एका अशा पोराची जागा, जो अजून फ्लाइट स्कूलचं कर्ज फेडतोय. तो समितीवर नाही, त्याला मत नाही, तुमच्या यादीत त्याचा क्रमांकही नाही. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवताना आजवर कुणाचा हात थरथरल्याचं ऐकिवात नाही.

याउपर मन खाऊ लागलं तर कागदावर मर्यादा घाला: आसनं ७६ पर्यंत, उड्डाणाचं कमाल वजन ८६,००० पौंड. आकडा असला की तत्त्व वाचल्यासारखं वाटतं. त्या आकड्यांसाठी जग काय काय कसरती करतं ते पाहण्यासारखं आहे. जपानच्या मित्सुबिशीनं प्रादेशिक जेट काढलं, त्याची मोठी आवृत्ती या वजनात बसेना, हे कलम कधीतरी सैल होईल या आशेवर ती वाट पाहत राहिली. इतर दुखणीही बरीच होती, पण २०२३ मध्ये तो प्रकल्पच गुंडाळला गेला. ब्राझीलच्या एम्ब्रेयरनं आपल्या ई-१७५ या छोट्या जेटला नवी, कमी इंधन पिणारी इंजिनं लावली. इंजिनं जड, म्हणून ते विमान अमेरिकेतल्या कंपन्यांच्या कामाचं नाही. २०१९ मध्ये तर युनायटेड एअरलाइन्ससाठी कमालच झाली. ७० जणांचं सीआरजे-७०० घ्यायचं, त्यातली २० आसनं उपटायची, तिथे सामानाची कपाटं आणि खाऊचं टेबल मांडायचं आणि त्याला सीआरजे-५५० म्हणायचं. का, तर करारात ५० आसनी विमानांचा कोटा वेगळा होता. प्रवाशांना ऐसपैस जागा मिळाली, कंपनीनं तिची आरामदायी सेवा म्हणून जाहिरात केली. तुमच्यासारख्याच कुणी समिती-सदस्यानं पहाटे तीन वाजता लिहिलेल्या एका ओळीमुळे विमानात खाऊचं टेबल आलं, यापेक्षा मोठं स्मारक कुणाला मिळतं?

पलीकडच्या बाजूचा वैमानिक तुमच्यावर चिडेल. तोही बहुधा तुमच्याच संघटनेचा वर्गणीदार असेल. १९३१ मध्ये स्थापन झालेली एअर लाइन पायलट्स असोसिएशन मोठ्या कंपन्यांच्या वैमानिकांची बाजू मांडते आणि त्यांच्या नावावर छोटी विमानं उडवून त्यांचं काम घेणाऱ्या कित्येक रिजनल कंपन्यांच्या वैमानिकांचीही. २००१ मध्ये डेल्टा एअरलाइन्ससाठी उडणाऱ्या कॉमएअर आणि एएसए या रिजनल कंपन्यांच्या काही वैमानिकांनी स्कोपच्याच मुद्द्यावर आपल्या या मायबाप संघटनेला कोर्टात खेचलं. त्याच वर्षी कॉमएअरच्या वैमानिकांनी ८९ दिवस संप केला आणि बरा करार पदरात पाडला. २०१२ मध्ये डेल्टानं कॉमएअर बंदच केली. महागला तो संपला. रिजनल कंपन्या एकमेकींविरुद्ध बोली लावायला कायम तयारच असतात. हे उदाहरण वैमानिकांच्या सभेत सांगू नका. कंपनीचे वकील मात्र ते तुम्हाला नक्की सांगतील, आवाज खाली आणून.

कम्यूटिंगचा विषय याहून नाजूक. लोकांना वाटतं, वैमानिक घरून गाडीनं विमानतळावर जातो. खरं तर त्यातले पुष्कळजण आधी दुसऱ्या विमानात रिकामी जागा शोधत आपल्या बेसला, म्हणजे ड्यूटी जिथून सुरू होते त्या विमानतळाला, पोचतात आणि मग कामाला लागतात. जागा नसेल तर जंपसीट, म्हणजे कॉकपिटमधली जादा खुर्ची, तीही नसेल तर पुढचं विमान. यावर कंपनीचं ठरलेलं उत्तर आहे: कुठे राहायचं ही तुमची खासगी निवड. एकदम बरोबर. बेस बंद करायची निवड कंपनीची असते, नव्याला कुणालाच नको असलेला न्यूयॉर्क बेस मिळतो ती ज्येष्ठता यादीची कृपा, आणि कंपनी बदलली तर पुन्हा यादीच्या तळापासून सुरुवात. एवढं सोडलं तर निवड सर्वस्वी वैमानिकाची! दर दोन वर्षांनी बायकोची नोकरी आणि मुलांची शाळा उचलून तो नव्या बेसला का जात नाही, हे कोडं समोरच्या बाजूला खरोखरच सुटलेलं नाही.

म्हणून तो क्रॅशपॅड घेतो. विमानतळाजवळ घर, खोलीत दुमजली बंक, ज्याला जो रिकामा दिसेल तो त्याचा. न्यूयॉर्कच्या क्वीन्समधल्या क्यू गार्डन्स भागात अशी घरं पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत. ज्याला तेही परवडत नाही तो क्रू रूममधल्या आरामखुर्चीत डोळे मिटतो.

तुमच्या मागण्यांच्या यादीत कम्यूटरसाठी कन्फर्म सीट, पहिल्या दिवशी पहाटेची ड्यूटी असेल तर आदल्या रात्रीचं हॉटेल आणि विमानं भरून गेल्यामुळे पोचता आलं नाही तर शिस्तभंगाची कारवाई नको, असं सगळं जरूर घाला. ठळक अक्षरात घाला. शेवटच्या रात्री मोठ्या मनानं सोडून द्यायला काहीतरी हवंच ना! त्यातलं कारवाईचं कलम मिळेल, कारण त्याला पैसे लागत नाहीत. सीट मिळणं अवघड, ती विकता येते. झोप मात्र विकता येत नाही, त्यामुळे ती कुठल्याच तक्त्यात नाही.

कुणी हटवादी सदस्य इथे कोलगन एअर या रिजनल कंपनीचं नाव काढेल. १२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री बफेलोजवळ पडलेलं ते विमान. तिकीट काँटिनेंटल या मोठ्या कंपनीचं, विमानावरचा रंग काँटिनेंटलचा, वैमानिक कोलगनचे. विमानातले ४९ आणि जमिनीवरचा एक, असे ५० जण गेले. कॅप्टनचं घर फ्लोरिडात, बेस न्यूअर्क. सहवैमानिक सिॲटलहून रात्रभर मालवाहू विमानांतून, मेम्फिसमार्गे बेसला आली होती. स्टॉलचा, म्हणजे पंखांचा उचल देणारा जोर सुटत असल्याचा, इशारा मिळाल्यावर कॅप्टननं केलेली चुकीची कृती, हे कारण तपासात नोंदवलं गेलं. थकव्याचा परिणाम झाला असावा, पण किती ते ठरवता आलं नाही, असंही. न्यूअर्क बेसवर कोलगनचे १३७ वैमानिक होते, त्यातले ९३ कम्यूट करणारे. हे आकडे ऐकल्यावर सभागृहात शांतता पसरेल. ती फार वेळ टिकू देऊ नका.

सांगा, की त्यानंतर कायदा झाला की! २०१० चा. विमान प्रत्यक्षात कोण उडवणार हे तिकीट विकणाऱ्या संकेतस्थळाला सुरुवातीलाच दाखवावं लागतं. सहवैमानिकालाही सर्वसाधारणपणे १,५०० तासांचा अनुभव लागतो. २०१४ पासून ड्यूटीआधी १० तासांची विश्रांती, त्यात ८ तास झोपेची संधी, आणि प्रत्येक उड्डाणाआधी आपण तंदुरुस्त असल्याची वैमानिकाची सही. घरापासून बेसपर्यंतचा प्रवास यात कुठे मोजायचा? तो ड्यूटी नाही, म्हणून कंपनीच्या वेळात नाही. विश्रांती तर तो नाहीच. तो हवेतच आहे, आणि वैमानिकांना हवेत राहायची सवय असते.

करार झाला की मतदानाआधी बेसोबेस फिरून तो समजावून सांगावा लागतो. पहिल्या स्लाइडवर टक्केवारी टाका, मोठ्या आकड्यात. दुसरीवर मागच्या तारखेपासूनची थकबाकी. स्कोपला ‘आधुनिकीकरण’ म्हणा आणि ती स्लाइड जेवणाच्या घंटेच्या जरा आधी येईल असं पाहा. मागच्या रांगेतला कुणी नवा पोरगा ७६ आसनांबद्दल विचारू लागला, तर घड्याळ बघा आणि सांगा की घरी जाणारं शेवटचं विमान गाठायचं आहे. थाप नाही ती, तुम्हीही कम्यूटरच. ते विमान ई-१७५ असेल, रंग तुमच्या कंपनीचा, दाराजवळ बारीक अक्षरात दुसऱ्याच कंपनीचं नाव. सगळी आसनं भरलेली असतील, म्हणून रिवाजाप्रमाणे टोपी काढून तिथल्या कॅप्टनकडे जंपसीट मागा. तुमच्या यादीत नाव लागावं म्हणून तो कित्येक वर्षं थांबलेला असेल. तो अगदी अदबीनं म्हणेल, “माफ करा सर, आज वजनात बसत नाही.” हुज्जत घालू नका. ते विमान किती वजनाचं असावं, हे तुमच्याच पहिल्या कलमात लिहिलेलं आहे.